वर्षाची ध्येयं ठरवलीत, पण यातली कुठली झेपतील हे सुरू करायच्या आधीच ओळखता येतं का?

वहीतलं_पान:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. पुढच्या बारा महिन्यांत काय काय करायचं याची यादी मी केलीये आणि आता ती वाचताना माझं मलाच हसू येतंय, तरी एकही गोष्ट खोडायला हात होत नाहीये कारण सगळ्याच मनापासून करायच्यात. तर यादी अशी:

जपानी अस्खलित बोलायला शिकणं (आत्ता शून्य). न थांबता दहा किलोमीटर पळणं (आत्ता दोन जिने चढले की धाप लागते). चोवीस पुस्तकं वाचणं. बारा किलो वजन कमी करणं. फोन कमी बघणं. आणि एक संग्रह होईल एवढ्या कथा लिहिणं, दहा-बारा तरी.

नोकरी पूर्णवेळ आहे, घरी चार वर्षांचं मूल आहे, नवरा हातभार लावतो पण त्याचीही ड्युटी असते. म्हणजे अगदीच वेळ नाही असं नाही, पण जो आहे तो तुकड्यातुकड्यांत.

ते स्मार्ट गोल वगैरे प्रकरण माहितीये, ऑफिसात दरवर्षी फॉर्म भरतोच. त्यात ध्येय साध्य होण्याजोगं हवं असं लिहिलेलं असतं, पण साध्य होण्याजोगं आहे की नाही हे ओळखायचं कसं ते कुणीच सांगत नाही, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय. छोटी ध्येयं ठेवा म्हणणारे भेटतात, मोठी स्वप्नं बघा म्हणणारेही भेटतात, आणि दोघंही तितक्याच ठामपणे सांगतात. प्रेरणा वगैरे नको प्लीज, ती भरपूर आहे. हे झेपेल, हे नाही, असं आधीच ताडायची काही पद्धत असेल तर सांगा. तुम्ही स्वतः कसं ठरवता?


रातकिडा:

एक ना धड भाराभर चिंध्या. सहातलं एक ठेव, बाकीची पुढच्या वर्षी. संपला विषय.


दोन_अधिक_दोन:

@रातकिडा, एकच ठेव हे बरोबर असेलही, पण कुठलं एक हे कळायला आधी हिशोब नको का.

ताई, तुमच्या यादीत किलो आहेत, किलोमीटर आहेत, पुस्तकं आहेत, तास मात्र कुठेच नाहीत. मी कुठलंही ध्येय आधी तासांत मांडतो, मग ते झेपणारं आहे का हा प्रश्न मतांचा राहत नाही, भागाकाराचा होतो. आठवड्याचे तास 168, झोप नोकरी येणं-जाणं घर मूल सगळं वजा करा आणि स्वतःसाठी खरोखर किती उरतात ते लिहा. आणि हा आकडा अंदाजाने नका काढू, मागच्या दोन आठवड्यांत प्रत्यक्षात किती उरले ते आठवून काढा, कारण "साधारण आठवड्यात" किती उरतील असं विचारलं की आपण असा आठवडा डोळ्यासमोर आणतो ज्यात कुणी आजारी पडत नाही, पाहुणे येत नाहीत आणि बॉस सुट्टीवर असतो.

आता एकेक घेऊ.

जपानी. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट तिथल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला जपानीत कामकाज करता येईल इतपत तयार व्हायला त्यांचा ठोकताळा आहे 88 आठवडे, वर्गातले 2200 तास, घरचा अभ्यास वेगळा. तुलनेला स्पॅनिश घ्या, 600 ते 750 तास. आपल्याला थोडा फायदा आहे म्हणा, क्रियापद वाक्याच्या शेवटी येणं, शब्दाच्या मागे प्रत्यय लागणं हे मराठी माणसाला नवीन नाही. पण कांजीला (चिनीतून आलेली चित्राक्षरं) सूट नाही, रोजच्या वापरासाठीच्या सरकारी यादीत 2136 आहेत. तुम्ही आठवड्याला पाच तास दिलेत आणि एकही आठवडा चुकवला नाहीत तरी वर्षाचे 260 होतात. 2200 भागिले 260 म्हणजे साडेआठ वर्षांच्या आसपास. म्हणजे जपानी सोडा असं नाही म्हणत मी, "अस्खलित" सोडा. 260 तासांत हिरागाना-काताकाना या दोन वर्णमाला पक्क्या होतील, स्वतःबद्दल चार वाक्यं अडखळत का होईना बोलता येतील, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात खालच्या एन5 पातळीच्या आसपास पोचाल. फक्त एक, त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, त्यामुळे तुमचा जीव बोलण्यात असेल तर परीक्षा हे ध्येय ठेवू नका, भलत्याच गोष्टीची तयारी होईल.

पुस्तकं. चोवीस गुणिले सरासरी 300 पानं म्हणजे 7200 पानं. तासाला तीस पानं धरली (पटपट वाचणाऱ्यांनी हसू नये) तर 240 तास, आठवड्याला साडेचारच्या वर.

पळणं. शून्यापासून पाच किलोमीटरचा जो प्रसिद्ध प्रोग्राम आहे, काउच टू फाइव्ह के, तो नऊ आठवड्यांचा, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास धरा. कपडे बदलणं, आंघोळ वगैरे धरून आठवड्याला तीन तास. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं एवढंच असतं, त्यामुळे जिन्यांची चिंता नको. पाचावरून दहावर जायला आणखी तीन-चार महिने निवांत घेतलेत तरी वर्ष उरतं. तुमच्या यादीतलं सगळ्यात झेपणारं ध्येय हेच, आणि तुम्हाला बहुतेक तेच सगळ्यात अवघड वाटत असणार.

कथा. याला मला आकडा लावता येत नाही, तुम्हालाही येणार नाही, त्यामुळे बाराचं आत्ता बोलूच नका. एक पूर्ण करा, किती तास गेले ते लिहून ठेवा, मग उरलेल्या अकरांचं बघू.

झालं, पाच अधिक साडेचार अधिक तीन म्हणजे साडेबारा, त्यात कथा धरलेल्या नाहीत. तुमच्याकडे आठवड्याला साडेबारा तास आहेत का ते तुम्हीच सांगा.


तिरपं_ऊन:

हा हिशोब वाचून कुणी कधी काही सुरूच करणार नाही राव. साडेआठ वर्षं म्हटल्यावर माणूस ते पुस्तक मिटून झोपेल.

सगळे "छोटं ठेवा छोटं ठेवा" करतात म्हणून दुसरी बाजू मांडतो. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी 1960 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं याच विषयावर काम केलंय आणि त्यांचं मुख्य म्हणणं असं की नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की माणूस "जमेल तेवढं कर" सांगितलेल्यापेक्षा जास्त काम करतो. अवघड म्हटलंय हां, सोपं नाही. रोज एक पान वाचेन असल्या ध्येयाने बोटही हलत नाही, ते पूर्ण होतं आणि आपण तिथेच राहतो.

आता कुणी टोकायच्या आधी मीच सांगतो, त्यांच्या अटी आहेत. एक म्हणजे ते काम करायची क्षमता अंगात हवी आणि मनातून ते हवं असायला हवं. दुसरी अट लोक विसरतात. काम अगदी नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचं अवघड ध्येय उलटं पडू शकतं, कारण सगळं लक्ष आकड्याकडे जातं आणि ते करायचं कसं हे शिकायला डोकं उरत नाही. तिथे शिकण्याचं ध्येय ठेवावं म्हणतात. म्हणजे "बारा कथा" ऐवजी "संवादातून गोष्ट पुढे न्यायच्या चार वेगवेगळ्या तऱ्हा करून बघेन" असं काहीतरी. "अस्खलित जपानी" ऐवजी "ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची कुठली पद्धत मला लागू पडते ते शोधेन".

म्हणून माझं मत, पळण्याचं ध्येय दणकून अवघड ठेवा कारण तिथे वाट ठरलेली आहे, पाय टाकत जायचंय फक्त. भाषा आणि कथा यांना पहिले तीन-चार महिने आकडाच लावू नका. छोटं का मोठं हा वाद मला फिजूल वाटतो, ती वाट आधी कुणी मळलेली आहे का आपल्याला पाडायचीये, हे आधी बघावं.


शाळामास्तर:

मी आयुष्यभर गणित शिकवलं त्यामुळे @दोन_अधिक_दोन यांचा हिशोब वाचून बरं वाटलं, आणि तिरपं ऊन म्हणतात तेही खोटं नाही, मुलं मोठा आकडा बघितला की खरंच पुस्तक मिटतात.

यावर आल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांचा 1981 चा प्रयोग आहे, आम्हा शिक्षकमंडळींत बराच सांगितला जातो. वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं घेतली. सगळ्यांना तेच साहित्य, 42 पानांचं, आणि सात बैठका. एका गटाला सांगितलं की प्रत्येक बैठकीत सहा पानं करायचं मनाशी धरा. दुसऱ्याला सांगितलं सातही बैठका संपेपर्यंत 42 पानं करायची. सहा साते बेचाळीस, म्हणजे काम तेवढंच! तिसऱ्या गटाला काहीच लक्ष्य दिलं नाही. सहा पानांवाल्या मुलांची वजाबाकी सगळ्यांत सुधारली, आपल्याला जमतं हा विश्वास वाढला आणि पुढे मोकळं सोडल्यावर गणितं सोडवायची इच्छाही त्यांनाच जास्त होती. बेचाळीसवाल्यांना लक्ष्य असून त्याचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही.

तेव्हा ताई, दहा किलोमीटर मोठं आहे का छोटं यावर डोकं शिणवू नका. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि रोज बघायला फक्त या आठवड्याची सहा पानं काय ती समोर ठेवा. आणि ती सहा पानं या आठवड्यात होण्यासारखी नसतील तर बेचाळीसही होणार नाहीत, हे तुम्हाला सातव्याच दिवशी कळतं, वर्ष वाट बघावी लागत नाही. तुम्ही आधीच ओळखायची पद्धत विचारलीत ना, मला तरी ही एवढीच ठाऊक आहे.

दुसरं, "आठवड्यातून तीनदा पळेन" हे अजून अर्धंच ठरलंय. कधी, कुठून, कशानंतर हे त्यात नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा वाक्यात ठरवायला सांगितलं आणि 2006 मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने 94 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा ठरवण्याचा परिणाम चांगला भरीव निघाला. करून बघायला काही लागत नाही. "मुलाला शाळेच्या गाडीत बसवलं की घरी न येता तशीच मैदानाकडे जाईन." हे झालं पूर्ण ठरवणं.


गोड_बातमी:

21 दिवस सलग करा, सवय लागते, मग काही ठरवावंच लागत नाही. मी तर सगळ्यांना हेच सांगते. थेंबे थेंबे तळे साचे!!


उशिरा_आलेली:

@गोड_बातमी ते 21 दिवस मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं, ते पण पेशंटला स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात अशा अर्थाने. त्यातलं "निदान" गळून पडलं आणि राहिले 21. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरंच मोजून बघितलं, 2010 मध्ये छापून आलं, 96 माणसं होती. अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस निघाला, पण कुणाला 18 आणि कुणाला 254 असा अंदाज आला, इतका फरक. जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिण्यासारखं सोपं काही असेल तर लवकर, व्यायामाला जास्त. 21 व्या दिवशी अजून कंटाळा येतोय म्हणून "माझ्यातच काहीतरी कमी आहे" असं वाटून सोडणारे किती असतील याचा विचार कर. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस हुकला तर फार बिघडत नाही. "सलग" वर जे अडून बसतात त्यांना हे ऐकवायला हवं.

आता मूळ प्रश्न. मला वरचा उरलेल्या तासांचा हिशोब लागूच पडत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, एखाद्या आठवड्यात मला बारा तास मिळतात आणि एखाद्यात एकही नाही, आणि कुठला आठवडा कसा जाणार हे सोमवारी माहीत नसतं. सरासरी काढून काय उपयोग? म्हणून मी प्रत्येक गोष्टीला दोन आकडे लावते. एक बऱ्या आठवड्याचा आणि एक वाईट आठवड्याचा. माझं चित्र काढणं चालू असतं, तर बऱ्या आठवड्यात एक पूर्ण चित्र, वाईट आठवड्यात पेन्सिलने तळहाताएवढं काहीही, समोर औषधाची बाटली असेल तर ती. तिरपं ऊन यांना हे "बोट न हलणारं" वाटेल, पण ते बोट हलवायला नसतंच, धागा तुटू नये म्हणून असतं. धागा तुटला की महिनाभर वहीकडे बघवत नाही हा माझा अनुभव आहे, आणि डाएट करणाऱ्यांत तर हे नेहमीचंच, एकदा मोडलं ना मग आजचा दिवस गेलाच, खा आता पोटभर.

पण वाईट आठवड्याचा आकडा खरंच वाईट आठवड्यासाठी हवा. घरात ताप आलाय, ऑफिसात ऑडिट आहे, झोप झालेली नाही, त्या दिवशी हे करशील का, असं स्वतःला विचारायचं. उत्तर "हो, कुरकुरत" आलं की बरोबर. "हो, आनंदाने" आलं तर तू बऱ्या दिवसाचाच विचार करतेयस.

आणि अजून एक सांगते जे कुणी बोललं नाही. सोडायचं कधी हेही सुरू करतानाच लिहून ठेव. "अमुक तारखेपर्यंत अमुक झालं नसेल तर जपानी या वर्षापुरतं बंद." मी एक पत्रद्वारा कोर्स असाच ठरवून बाजूला ठेवला, रुखरुख लागली नाही कारण निर्णय आधीच झालेला होता, थकलेल्या रात्री घेतलेला नव्हता.


रातकिडा:

@उशिरा_आलेली औषधाची बाटली आवडली. टाका की इथे फोटो.


वहीतलं_पान:

बाप रे, इतकं सगळं लिहिलंत, सगळ्यांना खरंच थँक्स. @दोन_अधिक_दोन तुमचं ऐकून मागचे दोन आठवडे आठवून लिहिले. साडेबारा सोडाच, सात-साडेसात निघाले आणि त्यातले निम्मे रात्री दहानंतरचे, म्हणजे डोळे मिटत असताना. बघून थोडा वेळ वाईट वाटलं, मग उलट सुटल्यासारखं झालं कारण इतके दिवस वाटत होतं की मी आळशी आहे, पण तास नव्हतेच तर आणणार कुठून.

तर नवीन यादी. पळणं: तीन तास, सकाळचे, शाळामास्तर सरांनी सांगितलं तसं शाळेच्या गाडीला बांधलेलं, आधी नऊ आठवडे पाच किलोमीटर आणि मग पुढचं पुढे. कथा: आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, आकडा नाही, पहिली पूर्ण होईपर्यंत दुसरीचं नाव काढायचं नाही. जपानी: फक्त येता-जाता कानात, ऐकायचं आणि मनातल्या मनात म्हणायचं, सहा महिन्यांनी हिरागाना वाचता येत नसेल तर बंद. पुस्तकांचा आकडा काढून टाकला, वाचायची आवड आहे ती आपोआप होतील तेवढी होतील, त्याला ध्येय कशाला म्हणायचं, उलट आकड्यामुळे मी पातळ पातळ पुस्तकं शोधायला लागले असते.

वजन आणि फोन तसेच ठेवलेत. बारा किलोची मुदत मात्र सहा महिने केली कारण पळणार आहेच. हे ठीक वाटतंय का?


दोन_अधिक_दोन:

खूपच बरं झालंय. फक्त दोन गोष्टी. सात तास आहेत आणि तुम्ही सहा भरलेत, म्हणजे सांडायला एकच तास ठेवलाय. मी चार-साडेचारच भरले असते. कारण सांगतो. कॅनडात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी 1994 मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर जवळपास 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. हे एकवेळ समजू शकतो. पण त्यांना असंही विचारलं होतं की सगळं होईल तितकं वाईट झालं तर किती लागतील, तेव्हा त्यांनी सांगितले साधारण 49. म्हणजे त्यांचा सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा खऱ्यापेक्षा सहा-सात दिवसांनी गोड निघाला! म्हणून मी मनातल्या आकड्याला सरळ दीडने गुणतो, भांडत बसत नाही. नऊ आठवड्यांचा प्रोग्राम तुम्ही चौदा आठवड्यांचा धरा, एखादा आठवडा पुन्हा केलात तरी चालतो.

दुसरं, वजनाची मुदत का कमी केली ते मला कळलं नाही.


तिरपं_ऊन:

वजनाचं मी बोलतो. वर्षाला बारा किलो म्हणजे आठवड्याला पाव किलोच्या आसपास, ते बरं होतं. सहा महिन्यांत म्हणजे जवळजवळ अर्धा किलो दर आठवड्याला, अशक्य नाही, अर्धा ते एक किलो सुरक्षित मानतातच, पण सव्वीसच्या सव्वीस आठवडे तोच वेग टिकवायचा आणि तोही पळणं नुकतं सुरू केलेल्या माणसाने. पळण्याने भूकही लागते ताई. आधी डॉक्टरांना विचारा काय करायचं ते, आणि मुळात काट्यावरचा आकडा हे तुमच्या हातातलं काम नाहीच. पाणी साठलं, मीठ जास्त झालं, पाळीचे दिवस आले की काटा वर. सगळं नीट करून सोमवारी काटा वर दिसला की माणूस मंगळवारी सोडतो. वजन नोंदवा हवं तर, ध्येय मात्र त्याच्या मागच्या कृतीचं ठेवा, जी केली का नाही याचं उत्तर रात्री हो किंवा नाही एवढंच येईल.

"फोन कमी बघणं" हे तर ध्येयच नाही. किती कमी, कधी, आणि त्या वेळात काय करायचं? स्वीडनमध्ये नवीन वर्षाच्या संकल्पांवर एक मोठा अभ्यास झाला होता, हजारावर माणसं, 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी "अमुक करीन" असं ठरवलं त्यांच्यातले जवळपास 59 टक्के लोक वर्षाने म्हणाले की जमलं, आणि "अमुक टाळीन, सोडीन" वाल्यांत 47 टक्के. हे त्यांचंच स्वतःबद्दलचं म्हणणं आहे, कुणी घरी जाऊन तपासलं नाही, तेवढं लक्षात ठेवूनच वाचा. तरी फोनचं तुम्ही असं करू शकता की कथेचे दीड तास असतात तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. नवीन ध्येय नाही, आहे त्यालाच जोडलं.


वहीतलं_पान:

फोनचं पटलं, लगेच केलं. वजनाचं काय झालं तर मुदत कमी केली की जास्त जोर येईल असं वाटलं. परत वर्ष करते, नाही, काट्याचा आकडाच काढते आणि डॉक्टरांकडे जाऊन येते.

अजून एक विचारू का, हे सगळ्यांना सांगावं का? नवऱ्याला सांगितलंय, बाकी कुणाला नाही. एक मैत्रीण म्हणते जगाला सांग म्हणजे लाजेने तरी करशील.


शाळामास्तर:

काय सांगता त्यावर आहे. "मी दहा किलोमीटर पळणार आहे" हे सांगितलं की लोक लगेच वा वा म्हणतात, आणि ती वाहवा पळण्याच्या आधीच खर्चून होते. त्यापेक्षा "या आठवड्यात दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही जमलं" हे एखाद्याला नेमाने सांगा. 2016 मध्ये हार्किन आणि सहकाऱ्यांनी 138 अभ्यास एकत्र करून पाहिले होते, स्वतःची प्रगती नियमित तपासणाऱ्यांना ध्येय गाठायला मदत होते, आणि ती लिहून ठेवली किंवा दुसऱ्याला कळवली तर आणखी जास्त. माणूस मात्र असा निवडा जो "नाही जमलं" ऐकून भाषण देणार नाही. माझ्या अनुभवात जवळच्या नातेवाइकांत असा माणूस सापडणं कठीण.


रातकिडा:

सर एकदम पॉइंटाची बात. मी बायकोला सांगणं बंद केलंय, ऑफिसातल्या एकाला फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण पाठवतो, तोही पाठवतो, बाकी एक शब्द नाही.


चाकावरचा:

धागा वाचत होतो, सामील होतो. माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते, सकाळ, दुपार, रात्र. ते "शाळेची गाडी गेली की" टाइप माझ्याकडे काहीच नाही, रोजची वेळच नाही तर बांधणार कशाला? व्यायाम सुरू करायचाय, गुडघा थोडा दुखतो म्हणून पळणं नको, पायऱ्याही नकोत.


उशिरा_आलेली:

घड्याळाला बांधू नकोस दादा, अशा गोष्टीला बांध जी तिन्ही ड्युट्यांत होतेच. उठल्यावर दात घासणं, ड्युटीवरून येऊन युनिफॉर्म काढणं. "युनिफॉर्म काढला की दुसरे कपडे घालायच्या आधी गुडघ्याचे व्यायाम", मग ते सकाळी सात असोत की रात्री अकरा. व्यायाम कुठले ते फिजिओथेरपिस्टला दाखवून घे, ठणकत असेल तर आपल्या मनाने करू नकोस. आणि रात्रपाळीच्या आठवड्याला तू सरळ वाईट आठवड्याचाच आकडा लाव, त्यात बऱ्याची अपेक्षाच ठेवू नकोस.


चाकावरचा:

युनिफॉर्मचं जमेल. रात्रपाळीला दोनच व्यायाम धरतो, बाकी दोन आठवडे पूर्ण सेट. गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा फिजिओकडे जाऊन येतो.